बर्फातले चरणारे प्राणी हिवाळा कसा काढतात? आणि खाली का उतरत नाहीत?

मांडवीकाठ

मंडळी, तीन प्रश्न आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

यंदा फेब्रुवारीत स्पीतीतल्या किब्बरला गेले होते. गाव साधारण ४,२०० मीटर उंचीवर. तिथे सगळे जातात हिमबिबट्यासाठी. मीही त्यासाठीच गेले, पण मनात घर केलं ते भरलच्या कळपाने. भरल म्हणजे निळसर करड्या रंगाचं रानमेंढरू, मेंढी आणि शेळी यांच्या मधलं म्हणा. रात्री पारा उणे वीसच्या खाली. सकाळी उठून बघावं तर कळप समोरच्या उतारावर तिथेच. अर्धे उभे, अर्धे बसून शांतपणे रवंथ करताहेत. आणि रवंथ करायला खाल्लं काय, तर मला दुर्बिणीतून खडक आणि वाळक्या काड्यांशिवाय काही दिसलं नाही.

१) इतक्या थंडीत ते मरत कसे नाहीत?
२) चार-पाच महिने खातात काय?
३) खाली नदीच्या खोऱ्यात का उतरत नाहीत? उंची कमी, म्हणजे थंडी कमी, इतकं तर मलाही कळतं.

वाटाड्याला विचारलं तर म्हणाला, "उनको आदत है." या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही.

सत्तरीचो

ताई, तिसरा प्रश्न एकदम बरोबर. आमच्याकडे गवे डोंगर सुकला की सरळ खाली कुळागरात, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेत येतात. मग हे का येत नाहीत? वाचतोय.

अबोली

उणे वीस! फोंड्यात पारा १९ वर आला तर आमची आजी दुपारी बारापर्यंत शाल सोडत नाही. बिचारी जनावरं.

सीमेवरचा

नोकरीची काही वर्षं पूर्व लडाखमध्ये काढली. तिथे भरलपेक्षा कियांग जास्त बघितले, म्हणजे तिबेटी रानगाढवं. त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, लडाख-स्पीती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कमरेइतका बर्फ येतो. तसं सगळीकडे नसतं. ते थंड वाळवंट आहे. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पडतं जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या सत्तरीत जुलैच्या एका रात्रीत तेवढं पडून जातं. वर वारा असा की पठारावरचा कोरडा बर्फ टिकतच नाही, उडून खड्ड्यात आणि नाल्यात जाऊन बसतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर गेल्या उन्हाळ्याचं वाळलेलं गवत उभं असतं. कियांग तेच खातो.

दुसरी, ही जनावरं हिवाळ्यात उगाच हलत नाहीत. कियांग गाडीला समांतर धावतो, बघायला फार सुंदर दिसतं. पण आमच्या चालकांना सक्त ताकीद होती की जानेवारीत त्यांच्या बाजूने गाडी पळवायची नाही. तेव्हा मला वाटायचं की हा शिस्तीचा भाग असेल. कारण एका स्थानिक पोर्टरने समजावलं: "साब, जितना दौडेगा उतना मार्च में कम पडेगा."

गोरवांचो दोतोर

सीमेवरचा यांच्या त्या पोर्टरने एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं आहे. मी गुरांचा डॉक्टर, धारबांदोडा भागात काम करतो. बर्फातली जनावरं प्रत्यक्ष हाताळलेली नाहीत, पण रवंथ करणारं पोट सगळीकडे सारखंच, म्हणून लिहितो.

मांडवीकाठ बाय, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे की थंडी त्यांना सहसा मारत नाही. मारते भूक. हिवाळी लोकर पूर्ण वाढलेलं, पोट भरलेलं रेनडिअर उणे ३० पर्यंत ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करत नाही. वरचे केस लांब, आतून हवेने भरलेले, आणि त्यांच्या खाली मऊ दाट लोकर. बायसनच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, तसाच साचून राहतो. शरीराची उष्णता बाहेर येतच नाही, याचा तो पुरावा.

पाय उघडे असतात, तिथे वेगळी सोय. पायात जाणारं गरम रक्त आणि परत येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे गरम रक्ताची ऊब खुरापर्यंत वाया न जाता वाटेतच परतीच्या रक्ताला मिळते. खुराजवळ पाय थंडच राहतो, पण गोठत नाही. तिथली चरबीही वेगळ्या जातीची, कमी तापमानातही न थिजणारी.

आता पोट. शेणखताच्या खड्ड्यात हात घातला तर ऊब लागते ना? कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, तेच चालू असतं. जंतू गवत कुजवतात, त्यातून उष्णता निघते. तुम्ही सकाळी बसून रवंथ करणारा कळप बघितलात, तो त्या वेळी न्याहारीही करत होता आणि शेकतही होता.

वाळक्या काडीत प्रथिनं जवळपास नसतात. मग जंतूंना नायट्रोजन कुठून मिळायचा? रवंथ करणारं जनावर आपला युरिया सगळाच लघवीतून टाकत नाही. टंचाईच्या काळात बराचसा रक्तातून आणि लाळेतून परत कोटीपोटात आणतं आणि जंतूंना पुरवतं. जंतू त्याची प्रथिनं बनवतात आणि पुढे ते जंतूच पचवले जातात. शिवाय लघवी कमी म्हणजे पाण्याची गरजही कमी.

आणखी एक. तांबड्या हरणांवर व्हिएन्नाच्या संशोधकांनी यंत्रं बसवून बघितलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके सर्वांत जास्त असतात, ते भर हिवाळ्यात निम्म्याहून खाली येतात. थंड रात्री हरीण हातपाय आणि कातडीकडचा भाग निवू देतं, आतलं तेवढं राखतं. अस्वलासारखी झोप नाही, हरीण जागं असतं, चालतं, लांडगा आला तर पळतंही. पण संसार मंद आचेवर. भूकही आपोआप कमी होते. तुम्ही समोर चारा ठेवलात तरी हिवाळ्यातलं हरीण उन्हाळ्याइतकं खात नाही.

अबोली

दोतोर, छान लिहिलंत. पण भूक मारते म्हणता ना, मग माणसांनी चारा टाकला तर काय बिघडतं? हेलिकॉप्टरने गवताच्या पेंढ्या टाकता येतील. माणसांसाठी आपण करतोच की पुराच्या वेळी.

गोरवांचो दोतोर

@अबोली, गवताची पेंढी एक वेळ ठीक. पण लोक मायेपोटी टाकतात मका, पाव, धान्य. महिनोन्महिने वाळकी काडी पचवणाऱ्या पोटात काडी पचवणारे जंतू असतात. अचानक धान्य गेलं की कोटीपोटात आम्ल माजतं, आतला थर जळतो आणि दोन-तीन दिवसांत जनावर भरल्या पोटी मरतं. आपल्याकडे जेवणावळीनंतर उष्टा भात खाऊन गाय मरते तो हाच प्रकार. लग्नसराईत मला रात्री-अपरात्री फोन येतात ते बहुतेक यासाठीच. कृपा करून उरलेला भात गुरांपुढे ओतू नका, हे जाता जाता सांगतो.

नेत्रावळी

अबोली ताई, गवत टाकण्याचा प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अमेरिकेत वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळ १९१२ पासून एल्क हरणांसाठी राखीव क्षेत्र आहे. गाव वाढलं, हरणांची हिवाळी कुरणं कुंपणात गेली, हरणं उपाशी मरू लागली, म्हणून चारा घालायला सुरुवात झाली. हरणं जगली हे खरंच. पण हजारो हरणं एका जागी तोंडाला तोंड लावून खातात, त्यामुळे सांसर्गिक गर्भपाताचा रोग पसरला, आणि आता मेंदू पोखरणाऱ्या एका असाध्य रोगाची भीती आहे. चारा बंद करावा तर हरणं जाणार कुठे, त्यांच्या जुन्या वाटेवर आता घरं आहेत.

घाटमाथा

माझं मत स्पष्ट आहे. हात लावू नये. कमकुवत मरतात, सशक्त उरतात, त्यांच्या मांसावर लांडगे, कोल्हे, गिधाडं जगतात. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर आणून सोडले. लांडगा नाही, शिकारी नाही. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले. हळू वाढणारं दगडफूल त्यांनी खरवडून संपवलं. १९६३-६४ चा हिवाळा कडक गेला आणि नंतर मोजले तेव्हा उरले होते ४२. दया दाखवून संख्या वाढवली की शेवट असा होतो.

अबोली

पण ते रेनडिअर माणसानेच नेऊन सोडले होते ना? मग "हात लावू नये" हे त्याच बेटावर कसं लागू होणार? आधी हात लावायचा आणि नंतर हात वर करायचे, हे मला पटत नाही.

नेत्रावळी

अबोली ताईंच्या बाजूने एक उदाहरण. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ओस्टफार्डर्सप्लासन नावाचं क्षेत्र आहे, सुमारे ५६ चौरस किलोमीटर. तिथे तांबडी हरणं, कोनिक घोडे आणि हेक जातीची गुरं सोडली आणि निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं ठरवलं. पण भोवती कुंपण, आत लांडगा नाही. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून अधिक जनावरं गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यातली बहुतेक उपासमारीने मरणारच म्हणून रक्षकांनी आधीच गोळी घालून संपवली. लोक कुंपणावरून आत गवत फेकत होते, रक्षकांशी भांडत होते. पुढे तिथल्या प्रांत सरकारला धोरण बदलून संख्या आटोक्यात ठेवणं भाग पडलं.

घाटमाथा दादा, कुंपण घालून त्याला निसर्ग म्हणता येत नाही. खुल्या रानात वाईट हिवाळ्यात जनावर पहिली गोष्ट काय करतं, तर निघून जातं. ती वाटच बंद केली, तर जे मरण येतं त्यात माणसाचा वाटा आहे.

घाटमाथा

कुंपणाचा मुद्दा मान्य. तरीही चारा टाकण्याला माझा विरोध कायम. वाट मोकळी करा म्हणा, मी तुमच्यासोबत आहे.

गुरुजी फिजिक्सवाले

पाण्याचा मुद्दा दोतोरांनी ओझरता घेतला, म्हणून थोडं गणित. ओढे गोठलेले असतात तेव्हा ही जनावरं बर्फ खातात. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ शून्यापर्यंत आणायला १० किलोकॅलरी, वितळवायला ८०, आणि ते पाणी ३८ अंशांपर्यंत तापवायला ३८. एकूण १२८. दिवसाला तीन किलो बर्फ खाल्ला असं धरा, जवळपास ३८० किलोकॅलरी नुसत्या पाणी पिण्यावर गेल्या. ज्या प्राण्याला वाळक्या काड्यांवर दिवस काढायचा आहे, त्याला हा खर्च लहान नाही. म्हणून लघवी आटवून पाणी वाचवणं म्हणजे थेट चरबी वाचवणं.

दहावीच्या वर्गाला उद्या हेच उदाहरण देणार. सुप्त उष्णता शिकवताना इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.

सत्तरीचो

गुरुजी, आमच्या वेळी असं शिकवलं असतं तर आम्ही दहावीला एवढे गटांगळ्या खाल्ले नसते मरे!

नेत्रावळी

काही प्राण्यांच्या युक्त्या तर थक्क करणाऱ्या आहेत, थोडक्यात लिहिते.

रेनडिअरच्या डोळ्यात मागे प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो. उन्हाळ्यात तो सोनेरी, हिवाळ्यात निळा होतो. ध्रुवाकडच्या लांबलचक रात्रीत त्याला अंधूक उजेडात जास्त दिसावं यासाठी हा बदल. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

युरोपातलं रो हरीण जुलै-ऑगस्टमध्ये माजावर येतं. तिथून दिवस भरत गेले तर पिल्लू भर हिवाळ्यात जन्मेल. म्हणून गर्भ सुरुवातीला वाढायचा थांबतो, साधारण जानेवारीपर्यंत तसाच राहतो, आणि मग वाढून मे-जूनमध्ये पिल्लू होतं.

बायसन खुराने बर्फ उकरत बसत नाही. डोकं खाली घालून डावी-उजवीकडे हलवत बर्फ बाजूला सारतो. त्याचा खांद्यावरचा उंचवटा म्हणजे या कामासाठीचे स्नायू आणि त्यांना आधार देणारी मणक्याची लांब हाडं. यलोस्टोनमध्ये १९०२ मध्ये जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. तेही हिवाळ्याने मारले नव्हते, बंदुकीने मारले होते.

सत्तरीचो

आमच्या गव्यालाही खांद्यावर उंचवटा असतो, पण बर्फ कुठला!

विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. गोव्याचा राज्यप्राणी गवा, थोर बैल हजार किलोच्या घरात जातो. त्याचा वाईट काळ हिवाळा नव्हेच. त्याचा वाईट काळ मार्चपासून मृग लागेपर्यंत. डोंगरावरचं गवत सुकून काडी झालेली, वणव्याने उरलंसुरलं गेलेलं, ओहोळाच्या कोंडीत पाणी तळाला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या, त्या आम्ही अंगणातून बघत होतो. रात्रभर डोंगरावर लाल रेघ.

मग गवे खाली येतात. कुळागरात बारमाही पाणी, पाटाच्या कडेला हिरवं गवत, केळी, कोवळी माडी म्हणजे पोफळ. काजूच्या बागेत बोंडूंचा वास सुटलेला. एका रात्रीत केळीची रांग आडवी होते. मी शेतकरी आहे, मला ते परवडत नाही, राग येतो. पण पहाटे पाटावर पाणी पिणारी, बरगड्या दिसणारी गवी आणि तिच्या पोटाखालचं पाडस बघितलं की दगड हातातच राहतो. माझे वडील पाटाचं पाणी कुळागराच्या वरच्या अंगाला एका दोणीत सोडायचे, जनावराने तिथेच प्यावं, आत शिरू नये म्हणून. मी ते पुन्हा सुरू केलं आहे. सगळे थांबत नाहीत, पण काही थांबतात.

म्हणून म्हणतो, दोतोरांनी जे सांगितलं ते इथेही लागू आहे. ऋतू उलटा, गोष्ट तीच.

गोरवांचो दोतोर

सत्तरीचो बाब, वडिलांची दोण ही फार मोलाची गोष्ट आहे. एकच सुचवतो, दोण अधूनमधून रिकामी करून घासा आणि गावच्या गुरांना तिथे पाणी पाजू नका. लाळ्या-खुरकूत पाळीव गुरांकडून गव्यांना लागतो. आपल्या गुरांना वेळच्या वेळी लस टोचणं हेही गव्याचंच रक्षण.

चोर्ला घाट

मी परवा घाटात गवा बघितला, फोटो टाकू का इथे?

घाटमाथा

टाका, पण जागा लिहू नका.

सीमेवरचा

अबोली आणि नेत्रावळी यांनी निघून जाण्याचा मुद्दा काढला, त्यावर मंगोलियाची गोष्ट आहे. तिथे काही वर्षं असा हिवाळा येतो की गुरं लाखांनी मरतात, त्याला ते लोक झुड म्हणतात. २००९-१० च्या झुडमध्ये ८० लाखांहून अधिक पाळीव जनावरं गेली. नेत्रावळी, रानघोड्यांचं काय झालं ते तू सांग, तुझा अभ्यास आहे.

नेत्रावळी

हो काका. मंगोलियातले रानघोडे, ज्यांना तिथे टाखी म्हणतात, रानातून पूर्ण नाहीसे झाले होते. १९९२ पासून प्राणिसंग्रहालयांतल्या वंशातून त्यांना परत आणलं. गोबीच्या एका भागात त्यांचं छान बस्तान बसलं होतं. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथले निम्म्याहून अधिक टाखी मेले. त्याच भागात रानगाढवंही होती, त्यांना मात्र फारसा फटका बसला नाही. रानगाढवं प्रचंड मोठ्या प्रदेशात फिरतात, बर्फ वाढताच ती दुसरीकडे सरकली. टाखी आपल्या ठरलेल्या जागेत राहणारे, ते तिथेच अडकले.

आता यात रेल्वे आणा. उलानबातरहून चीनच्या सीमेकडे जाणाऱ्या लोहमार्गाला दोन्ही बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण आहे. गुरं रुळावर येऊ नयेत म्हणून ते घातलं, त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण हिवाळ्यात कुरणाच्या शोधात निघालेले चिंकारासारखे तिथले हरणांचे कळप त्या तारेशी येऊन थांबतात. काही अडकून मरतात, काही कुंपणाच्या कडेने चालत चालत उपाशी मरतात. रानगाढवांना तर तो मार्ग जवळजवळ भिंतच झाला.

आणि आता मऊ हिवाळाही घातक ठरतो आहे. सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, मग कडाक्याची थंडी आली आणि पावसाचं जाड, टणक कवच झालं. रेनडिअर खुराने भुसभुशीत बर्फ सहज उकरतं, पण ते कवच फुटेना. खाली दगडफूल, वर उपाशी जनावर. त्या हिवाळ्यात नेनेत्स पशुपालकांचे ६१,००० रेनडिअर मेले. थंडी वाढल्याने नाही, भलत्या वेळी ऊब आल्याने.

सत्तरीचो

भिंतीचं वाचून आमचं मोलेंचं अभयारण्य आठवलं. कॅसलरॉक-कुळें रेल्वेमार्गावर गवे गाडीखाली येतात, दुपदरीकरणावरून केवढं रान पेटलं होतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तेव्हा आमच्या गावातले काही जण विचारायचे, एका जादा रुळाने गव्याचं काय जातं? त्यांना हा वरचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. उन्हाळ्यात पाण्याकडे निघालेल्या गव्याला वाटेत काय काय लागतं ते मोजा: रस्ता, रूळ, खाणीचा खड्डा, कुंपण. शेवटी तो पोचतो माझ्या केळीत, आणि लोक म्हणतात गवे माजलेत.

घाटमाथा

+१. इथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने.

मांडवीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस हाच धागा वाचते आहे. पण मंडळी, माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला! निघून जाणं हाच जर जगण्याचा मार्ग, तर किब्बरचे भरल खाली का जात नाहीत? तिथे कुंपण नव्हतं, रेल्वे नव्हती.

पहाडवाट

ताई, मी मूळचा डिचोलीचा. कामानिमित्त हिवाळ्याचा बराच काळ लाहौल-स्पीतीत असतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तुमचं गृहीतक आहे की खाली थंडी कमी. ऊन असताना ते खरं. पण निवांत, निरभ्र रात्री उलटं होतं. थंड हवा जड, ती उतारावरून घसरत खोऱ्याच्या तळाशी साचते. पहाटे नदीकाठच्या वस्तीत गोठून जायला होतं आणि वरच्या मधल्या उतारावर त्यापेक्षा सुसह्य असतं. हे मी थर्मामीटर घेऊन स्वतः बघितलं आहे. भरल रात्र काढतात ती नेमकी त्या मधल्या पट्ट्यात.

दुसरं, तुम्ही बघितलेला उतार दक्षिणेकडे तोंड करून असणार. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्याची किरणं त्या उतारावर जवळजवळ सरळ पडतात. बर्फ विरतो, उरलेला वारा उडवून नेतो, काळा खडक दुपारी तापतो. गवत उघडं पडतं ते तिथे. समोरच्या, उत्तरेकडच्या उतारावर तोच बर्फ मे महिन्यापर्यंत असतो. खोऱ्याच्या तळाशीही उडून आलेला बर्फ साचलेला. छातीपर्यंत बर्फात एकदा भरल रुतलं की त्याचं चालणंच संपतं.

तिसरं, कडा. भरल लांब पल्ल्याचं धावणारं जनावर नाही. लांडगा किंवा हिमबिबट्या आला की ते कड्यावर चढतं, तीच त्याची सुरक्षितता. म्हणून ते चरायला कड्यापासून फार दूर जात नाही. खाली सपाटीवर गवत असलं तरी तिथे पळायला कडा नाही, आणि गावचे कुत्रे आहेत. हिवाळ्यात हे कुत्रे टोळीने फिरतात.

तर ते जात नाहीत असं नाही, ते हलतात. पण किलोमीटरभर खाली न जाता या उतारावरून त्या उतारावर. त्यांचं स्थलांतर तुमच्या दुर्बिणीच्या एका नजरेत मावतं, म्हणून ते जागचे हलत नाहीत असं वाटतं. सगळ्यांना हे लागू नाही. काश्मिरातला हंगुल, म्हणजे तिथलं मोठं हरीण, हिवाळ्यात दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाच्या खालच्या भागात उतरतोच, कारण तिथे वर बर्फ खोल आणि खाली जंगल.

मांडवीकाठ

हे उत्तर हवं होतं! थंड हवा खाली साचते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, उतार दक्षिणेकडचाच होता, दुपारभर ऊन होतं त्यावर.

गुरुजी फिजिक्सवाले

हेही उद्याच्या तासाला घेतो. पहाडवाट, देव बरें करूं.

पहाडवाट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक भर. वाळकं गवत कमी पडलं की भरल खुरटी झुडपं खातात. खरा प्रश्न असतो तो उन्हाळ्यात गावच्या याक, गाढवं, शेळ्या-मेंढ्यांनी किती शिल्लक ठेवलं हा. वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पीतीत केलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे पाळीव जनावरं फार चरतात तिथे भरल विरळ असतात आणि माद्यांमागे पिल्लंही कमी. हिवाळ्याचा निकाल बराचसा ऑगस्टमध्येच लागलेला असतो. किब्बरच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या चराऊ डोंगराचा एक भाग गुरांसाठी बंद केला, त्यानंतर तिथे भरल वाढले. तुम्ही बघितलेला कळप त्या निर्णयाचंही फळ असू शकतो.

अबोली

चारा वरून टाकण्यापेक्षा हे किती चांगलं! आहे तोच चारा त्यांच्यासाठी राखून ठेवला. हे मला मनापासून आवडलं.

एक शंका. भरलचे नर हिवाळ्यातच माजावर येतात असं कुठेतरी वाचलं. एवढ्या उपासमारीत भांडणं कशाला?

गोरवांचो दोतोर

कारण पिल्लू जूनच्या आसपास जन्मायला हवं. तेव्हा कोवळं गवत येतं, आईला दूध येतं आणि पिल्लाला पुढच्या हिवाळ्याआधी वाढायला चार महिने मिळतात. भरलचे दिवस साधारण १६०. जूनमधून ते वजा करा, डिसेंबर-जानेवारी येतो. नरांना त्याची किंमत मोजावी लागते. माजाच्या काळात ते धड चरत नाहीत, एकमेकांना टकरा देतात, साठवलेली चरबी तिथेच घालवतात. त्यामुळे थोर नर हिवाळ्याच्या शेवटी आधी मरतात.

असं मेलेलं जनावर सापडलं की मांडीचं हाड फोडून आतली मज्जा बघतात. पांढरी, घट्ट चरबी असेल तर मरण दुसऱ्या कशाने. लाल आणि पातळ असेल तर उपासमार, कारण मज्जेतली चरबी शरीर अगदी शेवटी वापरतं.

सत्तरीचो

गव्याचंही असंच बघता येईल का? गेल्या मे महिन्यात ओहोळात एक म्हातारा गवा मेलेला होता. लोक म्हणाले विष, काही म्हणाले वय.

गोरवांचो दोतोर

मज्जा बघता येते, पण स्वतः हात लावू नका. काळपुळीसारखा रोग असेल तर माणसालाही लागतो. वन खात्याला आणि जवळच्या पशुवैद्यकाला लगेच कळवा. उन्हाळ्यात दोन दिवस गेले की तपासण्यासारखं काही उरत नाही.

चोर्ला घाट

आम्ही चौघे पुढच्या वर्षी किब्बरला जायचं म्हणतोय. कधी जावं? मार्च-एप्रिलमध्ये थंडी जरा कमी असेल ना?

पहाडवाट

थंडी कमी असेल, पण मार्चअखेर आणि एप्रिल टाळा. तेव्हा जनावरांची चरबी तळाला गेलेली असते, नवं गवत आलेलं नसतं आणि माद्या गाभण असतात. फेब्रुवारीत या. वाटाड्या गावातलाच घ्या, ड्रोन आणू नका. कळपाने चरणं थांबवून मान वर केली की तुम्ही फार जवळ आलात, तिथूनच मागे फिरा. आणि तुम्हाला पारा उणे वीसवर सांगितला असेल तर कपडे उणे तीसचे घ्या, मोज्यांचे तीन जोड आणि पाण्यासाठी थर्मास.